पंचामृतातली देवी

"ममा, आय एट द लक्ष्मी!"

पर्णिकाने वळून पाहिलं. साडेतीन वर्षांची दिया देव्हाऱ्यासमोर रिकामी वाटी धरून उभी होती. हनुवटीवरून पंचामृताचे ओघळ. वाटीच्या तळाशी तुळशीचं एक पान, बस्स. तहसीनभाईंच्या जुन्या नाण्यांच्या दुकानातून तिच्याकडे फोटो काढायला आलेलं सोन्याचं रोमन नाणं टेबलावर नव्हतं.

"आई, नाणं देव्हाऱ्यात कुणी नेलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. शालिनीताई महिन्यासाठी मुलाकडे, आखातातल्या इंटरनॅशनल सिटीत राहायला आल्या होत्या. "शुक्रवारचं देवी उष्ट्या कपाशेजारी पडलेली. म्हटलं, अंघोळ घालावी."

"अहो, ती रोमन लोकांची विजयदेवी! पंख नाही दिसले? राजे ख्रिस्ती झाले तरी हिला काढली नाही, हातात क्रूस देऊन ठेवून घेतली."

"मग देवीच की!" म्हणता म्हणता त्यांनी रिकाम्या वाटीत पाहिलं. "मी पळीने तीर्थ देणार होते गं. फूल घ्यायला वळले, तेवढ्यात हिने वाटीच तोंडाला लावली."

दियाला ठसका लागला. पर्णिकाने तिला उचललं आणि अनवाणीच जिना उतरली.

टॅक्सीत दिया गळा काढून रडत होती. "चूप, बाळा, चूप," पर्णिकाची विनवणी चाललेली.

"रोने दो, बाजी," ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला. "रोती है मतलब साँस चल रही है."

पण दोन सिग्नल ओलांडल्यावर दिया गप्प झाली. डोळे मिटलेले. झोपली, की? पर्णिकाने तिच्या नाकाशी बोट धरलं. एसीचा वारा कुठला नि श्वास कुठला, काही कळेना. तिने पोरीच्या मांडीला कचकचून चिमटा काढला. दियाने किंकाळी फोडली. पुन्हा शांत झाली, की पुन्हा चिमटा. हॉस्पिटल येईपर्यंत तिने लेकीला रडवत नेलं.

एक्स-रेमध्ये बरगड्यांखाली पांढरी टिकली दिसली. पंख नाहीत, क्रूस नाही, नुसता गोल.

"पोटात उतरलंय," डॉक्टर हिंदीत म्हणाल्या. "दोन-तीन दिवसांत आपोआप पडेल. लक्ष ठेवा." मग फ्रॉक सारखा करता करता त्यांचा हात थांबला. मांडीवर चार-पाच लालनिळे वळ उठले होते. डॉक्टरांचा आवाज थंड झाला. "हे कुणी केलं?"

दियाने बोट दाखवलं. "ममा."

"मीच," पर्णिका म्हणाली. पुढचं सांगायला तिने तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी हुंदकाच बाहेर आला.