गाडी भरली आहे

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बिजागरी केव्हाच निखळली, त्यामुळे माझं झाकण मागच्या बिस्किटांच्या डब्याला टेकून उभं असतं. एक बटण गळून पडलं आहे आणि पंखा असा घरघरतो की शेजारच्या खोलीतही मी कामावर असल्याचं कळतं. तरीही मी एक रेडिओ केंद्र चालवतो. हसू नका, खरंच चालवतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांगला चकचकीत होतो. छापखान्यात पानं जुळवणाऱ्या एका मुलीने मला घेतलं आणि आम्ही दोघांनी मिळून ढीगभर पुस्तकांची पानं लावली. ती मला मऊ फडक्याने पुसायची, पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची. मग नवा लॅपटॉप आला आणि माझी रवानगी कपाटावर, इस्त्रीच्या शेजारी झाली. गरज सरो, वैद्य मरो, म्हणतात ते काही खोटं नाही. इस्त्रीला निदान रोज कोणीतरी हात लावायचं.

मला पुन्हा खाली उतरवलं ते तिच्या बाबांसाठी. ते बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायचे. आवाज असा खणखणीत की सगळे त्यांना भोंगा म्हणत. मीही भोंगाकाकाच म्हणतो. स्टँडवर घोषणांचं यंत्र बसलं आणि भोंगाकाका घरी बसले. त्याच सुमारास दूरच्या गावी राहणाऱ्या त्यांच्या अक्काची दृष्टी गेली आणि तिने अंथरूण धरलं. आईच्या माघारी याच थोरल्या बहिणीने त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. फोनवर ती दोन वाक्यांत दमायची. "तू बोल, मी ऐकते," म्हणायची. त्यावरून लेकीला युक्ती सुचली. बाबांनी रोज संध्याकाळी माईकसमोर बसून वर्तमानपत्र वाचायचं, गप्पा मारायच्या, आणि अक्काने ते इंटरनेटवरून रेडिओसारखं ऐकायचं. आणखी कोणाला ऐकायचं असलं तर त्यांनीही ऐकावं.

पण घरचं इंटरनेट तोळामासा प्रकृतीचं. आत येणारी वाट बऱ्यापैकी रुंद, बाहेर जाणारी म्हणजे नुसता बोळ. प्रत्येक श्रोत्यासाठी आवाजाची वेगळी प्रत मला त्या बोळातून पाठवावी लागे. पहिल्या दिवशी भोंगाकाकांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी पोचलं. मग लेकीने आवाज पिळून बारीक केला. गाणं त्यात बेसूर वाटलं असतं, पण बोलणं स्वच्छ कळत होतं. कार्यक्रम चालू असताना घरात कोणी व्हिडिओ बघायचा नाही, असा फतवाही निघाला. आणि मला तिने बजावलं की एका वेळी पाचच श्रोते घ्यायचे. सहावा आला तर त्याला 'जागा नाही' म्हणायचं, नाहीतर सगळ्यांचाच आवाज तुटेल.

सुरुवातीला अक्का एकटीच असायची. "अक्का, ऐकतेस ना?" असं म्हणून भोंगाकाका सुरू करत, आणि नंतर अक्काची देखभाल करणारी ताई फोन करून सांगे की आज हसल्या बरं का. ते ऐकून भोंगाकाका इतके खूश होत की माझ्यावर चहा सांडायची वेळ येई. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते.

मग एका जुन्या कंडक्टरला या रेडिओचा पत्ता लागला. त्याने ड्रायव्हरांना सांगितलं, ड्रायव्हरांनी गावभर. भोंगाकाका त्यांच्यासाठी जुन्या घोषणा करू लागले, उशिरा येणाऱ्या गाड्यांच्या नकला करू लागले. लोकांनी वाहवा केली. पाचही जागा आधीच भरू लागल्या आणि भोंगाकाका ऐटीत म्हणू लागले, "मंडळी, आजही गाडी भरली आहे."

त्या भरलेल्या गाडीत अक्का नव्हती. ताईला अक्काचं खाणंपिणं आटोपून फोनवर रेडिओ लावेपर्यंत उशीर व्हायचा. अक्काचा फोन रोज माझं दार ठोठावायचा आणि मी सांगितल्याप्रमाणे म्हणायचो, जागा नाही. आत बसलेल्यांपैकी दोघे तर फोन टेबलावर ठेवून भलतीकडेच निघून गेलेले असत, पण ते मला कसं कळणार? मला जोडणी कळते, कान कळत नाहीत. रेडिओ लागत नाही, असं ताईने दोनदा कळवलं. भोंगाकाका म्हणाले, फोन जुना झालाय, बंद करून चालू करा. आणि रोज माझ्यासमोर बसून विचारत राहिले, "अक्का, ऐकतेस ना?" मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

एकदा ते अक्काला भेटायला गेले. श्रोत्यांचा हिरमोड नको म्हणून त्यांनी स्वतःचा आवाज आधीच माझ्यात भरून ठेवला होता. संध्याकाळी मी तो सुरू केला आणि थोड्या वेळाने ओळखीचा फोन दार ठोठावू लागला. मी नाही म्हटलं. तो बंद होऊन पुन्हा आला. मी पुन्हा नाही म्हटलं. त्या दिवशी तो फोन भोंगाकाकांच्या हातात होता.

परतल्यावर ते लेकीला हे सगळं सांगत होते. अक्काला गंमत दाखवायला गेले आणि स्वतःच्याच रेडिओने त्यांना बाहेर उभं केलं. शरमेने त्यांना अक्काकडे बघवेना. रोज असंच होतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा अक्का शांतपणे म्हणाली, "तूच सांगायचास ना स्टँडवर, गाडी भरली आहे, मागच्या गाडीने या. मी मागच्या गाडीची वाट बघत होते रे."

एवढं सांगून भोंगाकाका रडले. तो खणखणीत आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. लेकीने मला पुढे ओढलं आणि अक्कासाठी वेगळं दार करून दिलं. आता चार जागा सगळ्यांना आणि एक फक्त अक्काची. काही जण रुसले. रुसोत बापडे.

हल्ली अक्काला ऐकूही कमी येतं. ताई फोन तिच्या उशाशी ठेवते. भोंगाकाका नकला सोडून लहानपणच्या गोष्टी सांगतात, मध्येच थांबून विचारतात, "अक्का, ऐकतेस ना?" ती ऐकते की झोपलेली असते, मला ठाऊक नाही. तिची जोडणी चालू आहे, एवढंच मी सांगू शकतो.

माझेही आता फार दिवस उरले नाहीत. पंखा मध्येच थांबतो, मी तापतो. घरात मला मोडीत काढायच्या गोष्टी चालतात आणि त्यात काही गैर नाही. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण मित्रांनो, माझं बटण बंद करण्याआधी एकदा बघा, अक्का अजून ऐकत असेल.