भिंतीची जाडी

वहिनी ब्लाउज शिवायची, आणि आपलं माप कधी चुकत नाही असा तिला भलताच तोरा होता. खोटा नव्हता म्हणा. त्यामुळे घराच्या प्लॉटचे दोन तुकडे करायचे ठरले, तेव्हा सगळं तिनेच अंगावर घेतलं. नवऱ्याने एक-दोनदा घसा खाकरून बघितला. तिने लक्षच दिलं नाही.

मागचा तुकडा नणंदेसाठी होता. नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी आली, त्याला बरीच वर्षं झाली होती. दवाखान्यात नर्स, चांगली कमावती बाई, पण घरात वावरायची पाहुण्यासारखी. टीव्ही लावू का, मैत्रिणीला बोलावू का, भिंतीत खिळा ठोकू का, सगळं विचारून. कोणी नाही म्हणत नव्हतं, तरी विचारायची. तिला स्वतःचं दार हवंय, हे वहिनीने केव्हाच ओळखलं होतं.

अडचण एकच होती. मागच्या तुकड्याला रस्त्यापर्यंत स्वतंत्र वाट हवी, तीही ठरलेल्या रुंदीची. ती नाही सुटली तर प्लॉट विभागला जाणार नाही, मग कसलं घर नि कसलं दार! वाट जाणार होती वहिनीच्या शिवणाच्या खोलीला लागून. वहिनी म्हणाली, काळजी नको, खोली बांधताना माप मीच दिलंय, हवी तेवढी जागा सुटते.

मोजणीवाला आला. त्याने टेप धरली, पुन्हा धरली आणि मान हलवली. वाट वीतभर कमी भरत होती. वहिनीने टेप त्याच्या हातून ओढून घेतली. तिच्या हातातही वीतभर कमीच. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने खोलीचं माप आतून धरलं होतं, ब्लाउजचं अंगावर घ्यावं तसं, आणि भिंतीची जाडी हिशेबात घेतलीच नव्हती. अख्ख्या गल्लीची मापं घेणारी बाई स्वतःच्याच भिंतीला विसरली होती. नवरा हसू दाबत कुंडीला पाणी घालायला गेला. कुंडीत झाड नव्हतं.

नणंदेचं तोंड एवढंसं झालं. राहू दे, म्हणाली, मी आहे तिथे बरी आहे, तुझी खोली मोडून मला वाट नको.

"गप बस," वहिनी म्हणाली. "माप माझं चुकलंय, उसवायचंही मीच."

गवंडी आला आणि त्याने भिंत आत घेतली. कापडांचं कपाट बाहेर गेलं, मशीन आडवं लावावं लागलं, गिऱ्हाइकाला वळायचं तर वहिनीला उठावं लागायचं. तिला वाईट वाटलं का? वाटलं. हौसेने बांधलेली खोली होती ती. भिंत पडताना बघायला ती थांबली नाही.

या खेपेला वाट बरोबर भरली. मंजुरी आली, कोपऱ्यांवर दगड बसले, दोन तुकड्यांमध्ये मोजणीवाल्याने दोरी बांधून दिली. पलीकडे अजून नुसतं गवत. नणंद त्या गवतात उभी राहून खिडक्या कुठे काढायच्या ते ठरवत होती.

वहिनी मागच्या दाराने चहा घेऊन निघाली. इतकी वर्षं याच जागेत ती कपडे वाळत घालत आली होती. मोजणीवाल्याच्या दोरीपाशी मात्र ती थांबली.

"आत येऊ का गं?" तिने विचारलं.

नणंद बघतच राहिली. या घरात विचारायचं काम आजवर तिचं होतं. तिचे डोळे भरून आले, ते तिने पुसलेही नाहीत.

"ये की," ती म्हणाली. "पण इथून नको, इथे माझी भिंत येणार आहे. दारातून ये."

वहिनी निमूट मागे फिरली, रस्त्यावर गेली आणि नव्या वाटेने चालत, जिथे दार होणार होतं तिथून आत आली. चहा पार निवला होता. दोघींनी तो तसाच प्यायला.