खाजाभाईचं मानपत्र

आमच्या जामखेड तालुक्यात कुणी निवृत्त झालं, निवडून आलं किंवा नुसतं साठीचं झालं, की शाल-नारळाची सोय मंडळी करतात आणि मानपत्रासाठी माझ्याकडे येतात. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. माझ्याकडे शब्दांची एक वहीच होती. राबणाऱ्या माणसांसाठी त्यात एक अख्खं पान: अथक, अविरत, अविश्रांत, अहोरात्र, जिद्द, चिकाटी. चिकाटी पुढाऱ्यांना लावायची नाही, खुर्चीला चिकटल्यासारखं वाटतं. बाकी सगळे मी सढळ हाताने वाटले. शब्दांना कुठं पैसे पडतात, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणायचो. आता त्या वाक्याची लाज वाटते.

सहा वर्षांपूर्वी शाळेला पंचवीस वर्षं झाली. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले, "सर, आपल्या खाजाभाईचाही सत्कार करू. जरा वजनदार लिहा."

खाजाभाई आमचा शिपाई. म्हणजे आम्ही त्याला शिपाई म्हणायचो, कागदावर तो कुणीच नव्हता. शाळा निघाली तेव्हा आप्पासाहेब "उद्यापासून ये" म्हणाले आणि तो आला, एवढीच त्याची नेमणूक. हजेरीपटावर नाव नाही, ऑर्डर नाही, महिन्याला आप्पासाहेब खिशातून देतील ते. "जागेला मान्यता आली की तुला कायम करतो," हे तो पहिल्या वर्षापासून ऐकत होता. तोवर कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा बडवून तास द्यायचा, वर्ग झाडायचे, आणि टँकर आला नाही की हापशावरून चारशे पोरांचं पाणी सायकलवर वाहायचं.

तर मी मानपत्र लिहिलं. मन लावून लिहिलं. 'अथक' घातलं, 'अविरत' घातलं, आणि हात सैल सुटला म्हणून शेवटी एक वाक्य रंगवलं: 'कोणत्याही पदाची वा मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, केवळ सेवाभावाने व स्वखुशीने आपण हे कार्य करीत आलात.' मानपत्रात असं लिहायचंच असतं. मी सगळ्यांच्यात लिहितो.

मांडवात मीच ते वाचलं. टाळ्या पडल्या. खाजाभाईने ते कपाळाला लावलं आणि खाली उतरल्यावर मला हळूच विचारलं, "सर, अथक म्हंजी काय वो?"

"जो कधीच थकत नाही तो."

"असं हाय व्हय," म्हणाला आणि हसला. त्याच्या बायकोने, बिबीजानने, मानपत्राला काच बसवून घेतली. दर शुक्रवारी ती पुसायची.

गेल्या वर्षी शिपायाच्या जागेला खरोखरच मान्यता आली. आप्पासाहेबांनी तिथे स्वतःचा भाचा लावला. खाजाभाई तोंड उघडणारा माणूस नव्हे, पण या खेपेला त्याने वर शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. मला म्हणाला, "साठीला दोनच वर्सं ऱ्हायलीत, सर. पर मरायच्या आधी एकदा कागदावर शिपाई व्हायचंय." नगरला सुनावणी लागली. इतकी वर्षं काम केल्याचा लेखी पुरावा आणा, असं पत्र आलं. त्याच्याकडे कागद असा एकच होता.

मीच म्हणालो, "अहो, मानपत्र न्या! अध्यक्षांची सही आहे, संस्थेचा शिक्का आहे. आणखी काय पाहिजे?" मला अभिमानच वाटला. माझं लिखाण पहिल्यांदाच कुणाच्या कामी येणार होतं.

आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. बिबीजानच्या ओढणीत गुंडाळलेली ती फ्रेम त्याने मांडीवर धरली होती. वाटेत कड्याच्या स्टँडवर चहा प्यायला उतरलो, तरी खाली ठेवली नाही.

सुनावणीत संस्थेच्या वकिलाने फ्रेम हातात घेतली आणि शेवटचं वाक्य खणखणीत वाचलं. माझ्यापेक्षा चांगलं वाचलं. मग म्हणाला, "साहेब, आमचंही म्हणणं हेच आहे. हे स्वखुशीने येत होते. पदाची अपेक्षा नव्हती. चारचौघांत त्यांनी हे स्वीकारलंय."

साहेबांनी विचारलं, "हे तुम्ही घेतलं होतं ना?"

"व्हय, साहेब. कपाळाला लावलं हुतं."

मी उठलो. "साहेब, ती मानपत्राची भाषा असते. ते काही खरं नसतं."

साहेब चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मग यातलं नेमकं काय खरं धरायचं, सर? राबले ते, की स्वखुशीने राबले ते?"

 

अर्ज फेटाळला. परतीच्या एसटीत खाजाभाईने फ्रेम पुन्हा ओढणीत गुंडाळून मांडीवर धरली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढच्या आठवड्यात रूळ बडवायला भाचा आला, आणि आप्पासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "खाजाभाईला निरोप देऊ. त्याचं मन दुखलंय. तुम्ही एक छानसं मानपत्र लिहा."

मी तडक खाजाभाईच्या घरी गेलो. भिंतीवर फ्रेमच्या जागी नुसता खिळा होता. मी म्हणालो, "खाजाभाई, माझी चूक झाली. मी तुमचं वाटोळं केलं. आता काही लिहिणार नाही."

तो बाजेवर बसला होता. पायांकडं बघत म्हणाला,

"लिवा की, सर. आप्पासाहेबास्नी न्हाई कसं म्हनायचं? लिवा. पर ते अथक तेवढं काढा." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मी दमत हुतो, सर. रोज दमत हुतो. लई दमत हुतो. तुमी कुनी कधी इचारलंच न्हाई."

मी उभाच होतो. ते त्याच्या ध्यानात आलं.

"बसा की, सर," तो म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून माझ्यासाठी पाणी आणायला उठला.