कपाटांपलीकडचा वर्ग

प्रश्न क्रमांक सात. पाणी उकळत ठेवलं की भांड्यातलं पाणी कमी होतं. ते कुठे जातं? थांबा : सहा सेकंद.

दोनदा टकटक म्हणजे खडू संपले. तीनदा टकटक म्हणजे मुख्याध्यापक फेरीवर निघालेत.

एम.एड.च्या अर्जाच्या तिसऱ्या रकान्यात शिक्षक-परवान्याचा क्रमांक लिहायचा होता. तो तिला तोंडपाठ होता. स्वतःचा रक्तगट मात्र भावाला विचारावा लागला.

"सत्तेचाळिसाव्या वर्षी दप्तर खांद्याला लावून निघालात वन्सं," वहिनी म्हणाली, "डबा देऊ का भरून?" आणि खरंच भरून दिला.

बाहेरचा आवाज. बाहेरचा आवाज. बाहेरचा आवाज, अस्पष्ट.

सहा सेकंदांत एक मूल नाक पुसतं, दुसरं खिडकीबाहेर बघतं, आणि तिसऱ्याला उत्तर सुचतं.

*

"तुमचं शिकवणं बिघडलंय, असं म्हणतोय हा तक्ता," मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या.

शनिवारची दुपार होती. नोकरी करणाऱ्या परवानाधारक शिक्षकांचे एम.एड.चे तास शनिवार-रविवारीच भरत. मॅडम तिच्याहून चौदा वर्षांनी लहान होत्या आणि तरीही तिला बाईच म्हणत. तिला सगळेच बाई म्हणत : मुलं, पालक, शाळेचा शिपाई, कोपऱ्यावरचा दुकानदार.

तिचा प्रबंधाचा विषय साधा होता. वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतो? अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला तिने आपलेच सहा तास फोनवर ध्वनिमुद्रित केले होते आणि यंदा, शेवटी, आणखी सहा. मधल्या दोन वर्षांत जे शिकली त्याने थांबणं वाढेल, अशी अपेक्षा होती.

"आधी सरासरी पाच सेकंद," मॅडमनी पेन्सिल टेकवली. "आता दीड. लोक शिकून सुधारतात हो, बाई."

"मीही तसंच ऐकून होते."

मॅडम हसल्या, मग हसायचं थांबवून म्हणाल्या, "खरं सांगू? पाच सेकंद मी कुणाच्याच वर्गात पाहिलेले नाहीत. एका सेकंदात आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. तुम्ही पाच सेकंद थांबत होतात, आणि मग थांबणं सोडलंत. का?"

बाईने तक्ता स्वतःकडे वळवला.

"आणि पहिल्या संचात बाहेरचा आवाज किती! फोन ठेवला कुठे होता?"

"कपाटावर."

"कुठल्या?"

"मधल्या."

मॅडमनी कपाळाला हात लावला. ध्वनिमुद्रण करताना फोन शिक्षकाच्या टेबलावर ठेवायचा, हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "मग सोपं आहे. पहिला संच सदोष म्हणून वगळा. यंदाच्याच सहा तासांवर लिहा. नाहीतर हा फरक का पडला ते एका परिच्छेदात पटेल असं लिहून आणा. शुक्रवारपर्यंत. कारण नसेल, तर चौथं प्रकरण मी पुढे पाठवणार नाही. मग पदवी पुढच्या वर्षावर गेली."

*

बाईच्या शाळेत एक लांबलचक दालन होतं. त्याचे दोन वर्ग केले होते ते भिंतीने नव्हे, लोखंडी कपाटांच्या रांगेने. कपाटं पुरुषभर उंच, वर छतापर्यंत सगळं मोकळं. अलीकडे तिची चौथी. पलीकडे सरांची तिसरी. बावीस वर्षं.

सर बुटके होते. कपाटावरून काही द्यायचं झालं की ते खुर्चीवर चढत आणि लाकडी मीटरपट्टीने ती वस्तू ढकलत. खडूची पेटी, हजेरीपट, एकदा एक पेरू. वस्तू कडेला येऊन डुगडुगायची, चौथीची सगळी पोरं श्वास रोखून बघायची, आणि बाईने ती झेलली की टाळ्या पडायच्या. पलीकडून सर विचारायचे, "पोचलं का?"

"पोचलं."

बावीस वर्षांतलं निम्मं बोलणं एवढंच. चहाच्या सुट्टीत समोरासमोर आले की दोघांनाही काही सुचत नसे. सरांच्या घरी अंथरुणाला खिळलेली बायको होती, पुढे ती नव्हती, मग मुलीचं लग्न होतं. बाईच्या घरी आई होती, मग तीही नव्हती. काय आहे तुमच्यात, असं कधी कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं होतं काय? कपाटं होती.

एम.एड.चा अर्जही तसाच आला होता, मीटरपट्टीच्या टोकाला. कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं होतं : "मला जमलं नाही. तुम्ही भरा." ते सरांचं शेवटचं वर्ष होतं. निरोपाच्या दिवशी बाई बोलणार होती. आयत्या वेळी तिने ते भाषण एका मुलीच्या हातात दिलं आणि स्वतः मागे उभी राहिली.

*

रविवारी दुपारी भाचीने लॅपटॉप उघडला.

"आत्या, हा मागचा आवाज काढता येतो गं. एक बटण. मग तुझ्या मॅडमची तक्रारच उरणार नाही."

"काढून दाखव."

भाचीने बटण दाबलं. बाईचा प्रश्न ऐकू आला : ते पाणी कुठे जातं? मग काहीच नाही. झाकण लावल्यासारखी शांतता. मग एका मुलाचा आवाज : हवेत.

"बघ. कसं स्वच्छ झालं!"

"परत घाल."

"काय?"

"होतं तसं कर. आणि मोठं कर."

प्रश्न आला. ते पाणी कुठे जातं? आणि कपाटांच्या वरून, लांबून, एक घसा खाकरला. खडू फळ्यावर दोनदा आपटला. मग सर कुणाला तरी म्हणाले, "असू दे. पुन्हा बघ. घाई नाही." मग मुलगा म्हणाला, हवेत.

भाची कान देऊन ऐकत होती. "हे कोण गं?"

"शेजारचा वर्ग."

"पुढचं लावू?"

बाईने तक्ता पुढ्यात घेतला. प्रश्न नऊ, पाच सेकंद : सर एका मुलीला वजाबाकी समजावतायत. प्रश्न अकरा, सात सेकंद : सर हसतायत. प्रश्न चौदा, दोनच सेकंद : पलीकडे शांतता आहे. सबंध संचात तेच. पलीकडे वाक्य संपल्याशिवाय अलीकडे बाई पुढे सरकत नव्हती.

तिने पेन्सिल खाली ठेवली. बावीस वर्षं लोक तिला म्हणत आले होते, बाई, तुमच्या वर्गातली पोरं किती विचार करून बोलतात.

"आत्या, रडतेयस का?"

"गप गं. दीड सेकंद तरी थांब."

*

गुरुवारी खडू संपले. फळ्याकडे तोंड असतानाच तिने हात मागे नेला आणि कपाटावर दोनदा टकटक केली.

पलीकडची नवी शिक्षिका, तरणीताठी, कामसू, तिसरीला स्पीकरवर कविता ऐकवत असे. स्पीकर बंद झाला. "काय झालं, बाई? काही पडलं का?"

"नाही. खडू."

"आले, आले!" आणि ती मुलगी खरोखरच धावत, दारातून वळसा घालून, पेटी हातात देऊन गेली. जाताना म्हणाली, "हाक मारत जा ना सरळ."

चौथीची पोरं बाईकडे बघत होती. तिने प्रश्न विचारला. रात्री अंगणात वाळत घातलेले कपडे सकाळपर्यंत का सुकत नाहीत, उन्हात मात्र लगेच सुकतात? पलीकडे पुन्हा कविता सुरू झाली. तिला उत्तर सांगायची घाई झाली. जीभ दातांपर्यंत आली. तिने मनात मोजलं. एक. दोन. तीन. कविता चालू होती तरी कान रिकामे होते. चार. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिने वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं, हळूच म्हणाली, "बाई, पण वारा असला तर रात्रीपण सुकतात."

"असू दे," बाईच्या तोंडून गेलं. मग स्वतःचंच ऐकून ती चमकली आणि म्हणाली, "म्हणजे, बरोबर आहे. पुन्हा सांग. घाई नाही."

*

शुक्रवारी तिने एक कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. पाच मसुदे फाडून झाल्यावर उरलेला तो सहावा होता.

"पहिल्या संचातील थांबे हे सदर शिक्षिकेच्या कौशल्याचे निदर्शक नाहीत. दालन सामायिक असल्याने शेजारच्या वर्गातील शिक्षकाचे बोलणे ऐकू येत असे. ते ऐकण्यासाठी ती थांबत असे. त्या वेळेचा विद्यार्थ्यांनी विचार करण्यासाठी उपयोग केला. दुसऱ्या संचाच्या वेळी सदर शिक्षक सेवानिवृत्त झाले होते."

मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. बाईला सवयच लागली होती, तिने मोजलं. अकरा सेकंद.

"हे असंच ठेवायचं?"

"हो."

"बाई, तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक असतात. ते विचारतील."

"विचारू देत."

"पहिला संच वगळला तर कुणी काही विचारणार नाही."

"त्याला वगळायचं नाहीये."

मॅडमनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. तक्त्यात सत्तावीस ठिकाणी "बाहेरचा आवाज" लिहिलेलं होतं. "मग हे बदला. बाहेरचा आवाज म्हणजे रस्ता, गाड्या, घंटा. हे तसं नाही ना?"

"मग काय लिहू?"

"जे ऐकू येतं ते."

बाईने तिथेच, टेबलाच्या कोपऱ्यावर, पहिला "बाहेरचा आवाज" खोडला आणि वर बारीक अक्षरात लिहिलं : असू दे. पुन्हा बघ. घाई नाही. मग दुसरा. मॅडमनी सही करून कागद सरकवला तेव्हा ती नवव्या नोंदीपर्यंत आली होती.

"ते सर आता कुठे असतात?" मॅडमनी विचारलं.

"मुलीकडे."

"त्यांना कळवलंत, तुमचं होत आलं म्हणून?"

"पत्ता नाही," ती म्हणाली, आणि लिहीत राहिली.

एकवीस वर्षांपूर्वी शाळेने त्या दालनात भिंत बांधायचं ठरवलं होतं आणि दोन्ही वर्गशिक्षकांचं लेखी मत मागवलं होतं. एकमेकांना न विचारता दोघांनीही लिहून दिलं होतं की गरज नाही.