बाहेरून बांधलेली केबल

स्कूटरच्या पुढच्या ब्रेकची केबल बोलतेय मी. तुम्ही मला ओळखत नसाल, त्याचं दुःख नाही. लातूरच्या शिवमूर्तीअप्पांनीही मला कधी ओळखलं नाही, आणि मी तर त्यांच्याच स्कूटरला होते.

लातूर जिल्हा झाला तसं अप्पांना पायी फिरणं कमीपणाचं वाटायला लागलं. जिल्ह्याच्या गावचा भुसार व्यापारी चालत कसा जाईल? त्यांनी जुनी स्कूटर घेतली. तिची पुढची केबल तुटलेली होती, म्हणून शरणप्पा मिस्त्रीने मला आणलं.

माझी खरी जागा आत असते. लिव्हरपासून हँडलच्या पोटातून खाली थेट चाकापर्यंत. अंगाला ग्रीस, ना ऊन ना पाणी. पण त्यासाठी हँडल खोलावं लागतं, आणि शरणप्पाला भूक लागली होती.

"अप्पा, बाहेरूनच टाकू का? सुतळीनं आवळून देतो."

"टाक की. पुढचा ब्रेक मारतंय कोण? मारला की माणूस तोंडावर पडतंय."

अप्पांची बायको दानम्मा बाजूलाच उभी होती. "मग लावायचाच कशाला?" तिनं विचारलं.

"दिसायला," अप्पा म्हणाले.

दिसत राहिले मी. हँडल वळलं की मडगार्डला घासायची. हळूहळू माझं वरचं कव्हर फाटलं, आतली तार उघडी पडली.

मग दुष्काळ आला. अप्पा गल्लीच्या पाणी समितीचे अध्यक्ष झाले. चौकात उभं राहून ते पाणी जपून वापरायला सांगायचे आणि टँकर आधी स्वतःच्या दारात उभा करायचे. ड्रम भरला की झाकणाला कुलूप. एवढ्यानंही भागेना, म्हणून उताराखालच्या विहिरीवर स्कूटर जायला लागली. येताना घागरी हिंदकळायच्या आणि सगळ्या गल्लीत पाण्याचा एक थेंब वाया गेला तर तो नेमका माझ्या अंगावर पडायचा. मी गंजले.

एका सकाळी अप्पा उतार उतरत होते. मागे दानम्मा, पुढे पायांत रिकामी घागर. घागर कलंडली ती पायानं दाबायच्या मागच्या ब्रेकवर जाऊन अडकली. पाय ठेवायला जागाच राहिली नाही. खाली विहिरीवर बायांची रांग. अप्पांनी हॉर्न दाबला.

"सरका! सरका!"

बाया पांगल्या. म्हातारी केवळाबाई तेवढी राहिली. तिला ऐकू कमी यायचं. पाठमोरी बसून ती घागर घासत होती.

"अहो, पुढचा मारा!"

"पडू की आपण!"

दानम्मानं पुढं वाकून अप्पांच्या बोटांवर हात टाकला आणि बोटांसकट लिव्हर आवळली. गंजाने मी जाम झाले होते. हलेचना. तिनं पुन्हा जीव खाऊन दाबलं. माझे पदर तटतट तुटायला लागले, तरी उरलेल्यांनी चाक धरलं. स्कूटर वाकडी होत, दानम्माचा पदर केवळाबाईच्या पाठीला लागेल इतक्या जवळ थांबली. तोंडावर कुणीही पडलं नाही.

बाया धावत आल्या. अप्पांनी घाम पुसला. "वेळेवर ब्रेक मारला म्हणून, न्हाई तर काय झालं असतं!"

 दुसऱ्या दिवशी शरणप्पाकडे जाऊन दानम्मानं हँडल खोलायला लावलं आणि नवी केबल आतून, ग्रीस लावून टाकून घेतली. काम होईपर्यंत ती तिथून हललीच नाही, त्यामुळे शरणप्पाचं जेवण लांबलं. मला मात्र तिनं घरी आणलं. ड्रमच्या झाकणाची साखळी तुटली होती. तिथं मला ओवून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली.

संध्याकाळी केवळाबाई घागर घेऊन दारात आली. दानम्मानं कुलूप काढलं.

"अगं, काय करायलीस?" अप्पा ओरडले. "आपल्याला पुरंल का?"

"काल ब्रेक कुणी मारला?"

अप्पांनी दाराबाहेर पाहिलं. गल्ली ऐकत होती. "मी," ते म्हणाले.

"व्हय ना? मग ज्यांचा जीव वाचवला, त्यांना पाणी बी तुम्हीच द्यायलात. मी नुसती वाढते."

गल्लीत कुणीतरी फिदीफिदी हसलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी घागरी येतात, अप्पांचं नाव घेत पाणी नेतात, आणि अप्पांना हसून मान हलवावी लागते.

तुम्हीही कधीतरी पुढचा ब्रेक दाबून बघा, बाबांनो. आणि जमलं तर आम्हाला आतून टाका. निघते, दानम्मा किल्ली घेऊन आली.