ओक्वुदिरीचे इटालियन बूट

नायजेरियातल्या अबा शहराच्या बूटबाजारात आपल्यासारखा बूट कुणी शिवत नाही, असं ओक्वुदिरीचं मत होतं, आणि खोटं कशाला बोला, ते खरंही होतं. अडचण एवढीच, की त्याने आजवर शिवलेल्या एकाही बुटावर त्याचं नाव नव्हतं. तळव्यावर 'मेड इन इटली' असा ठसा दिसल्याशिवाय गिऱ्हाईक बुटात पायच घालत नसे. सगळी गल्ली तोच ठसा मारायची. पोटाचा प्रश्न होता, त्यामुळे पापाचा कुणी काढत नसे. पण एकदा, मरायच्या आधी एकदा तरी, आपल्या नावाचा बूट कुणीतरी घालावा, ही हौस ओक्वुदिरीला आतून खात होती.

म्हणून तो मेहुणीकडे गेला. चिझारा लोकांना वेबसाइट बनवून द्यायची.

"नाव काय ठेवायचं, दाजी?"

"माझंच. ओक्वुदिरी."

"आणि शेपूट?"

"कसलं शेपूट?"

"नावापुढे टिंब येतं आणि टिंबापुढे शेपूट. डॉट कॉम कुठल्याही धंदेवाल्याचं. डॉट ओआरजी बहुतेक संस्थाबिंस्था घेतात. डॉट एनजी म्हणजे आपला नायजेरिया. प्रत्येक देशाचं वेगळं असतं. तुम्ही डॉट एनजी घ्या. सोपं आहे, शिवाय खरं आहे."

"खऱ्यावर बूट खपले असते तर मी आज बंगल्यात असतो. इटलीचं शेपूट कुठलं?"

चिझाराने कपाळावर हात मारला. "डॉट आयटी. पण ते युरोपात राहणाऱ्याच्याच नावावर मिळतं."

"मग आपला केलेची काय चंद्रावर राहतो? इटलीत, पाडोव्हात आहे ना माझा चुलतभाऊ! त्याच्या लग्नातले बूट मीच शिवलेत."

"दाजी, बुटावर खोटं बोलता ते तळव्याखाली तरी असतं. हे तुम्ही कपाळावर लिहून घेताय."

"तू वेबसाइट बनव. प्रवचन मी रविवारी चर्चमध्ये ऐकेन."

चिझाराने बनवली. केलेचीने नोंदणी करून दिली आणि उत्साहाच्या भरात पाडोव्हातल्या एका चर्चचा फोटोही पाठवला. पहिल्या पानावर तो झळकला, खाली मजकूर: 'ओक्वुदिरी. थेट इटलीतून.' ओक्वुदिरी आठवडाभर गल्लीत छाती काढून फिरला.

समोरच्या गाळ्यातल्या ओन्येमानेही तेव्हाच वेबसाइट काढली. त्याने डॉट एनजी घेतलं. देशप्रेम वगैरे काही नाही. बिचाऱ्याचं परदेशात कुणी नव्हतं.

आणि हवा फिरली. लागोसच्या श्रीमंतांना अचानक देशी मालाचं वेड लागलं. फक्त देशी वस्तू विकणाऱ्या तिथल्या एका दुकानाच्या मालकीणबाई डॉट एनजीवाल्या वेबसाइट धुंडाळत थेट ओन्येमाच्या गाळ्यात येऊन बसल्या. ओन्येमाचे बूट टिकाऊ होते, पण देखणे नव्हते. तो धावत ओक्वुदिरीकडे आला.

"ओक्वू, ती काळी जोडी दे. ठसा न मारलेली."

ओक्वुदिरीने दिली. आपल्याकडे नसलेला माल शेजारून पळत आणायचा, आपला म्हणून दाखवायचा, आणि शेजाऱ्याचा वाटा मागाहून पोचवायचा, ही बाजाराची जुनी रीत. त्यात कुणी तोंड उघडत नाही.

थोड्या वेळाने समोरच्या गाळ्यातून बाईंचा आवाज ऐकू आला. "काय सुरेख टाके आहेत! मला अशाच जोड्या हव्यात, आणि प्रत्येक जोडीवर कारागिराचं नाव हवं. नाव, आणि खाली 'अबा'."

ओक्वुदिरीच्या हातातला दाभण थांबला. रीत मोडणं म्हणजे गल्लीत तोंड दाखवायला जागा न उरणं. तरीही तो उठला आणि रस्ता ओलांडून गेला.

"मॅडम, तो बूट माझा आहे. माझ्या हातचा."

ओन्येमाचा चेहरा उतरला. बाईंनी ओक्वुदिरीला निरखून पाहिलं. "असं? नाव काय तुमचं? वेबसाइट आहे?"

"आहे तर! ओक्वुदिरी डॉट आयटी," तो अभिमानाने म्हणाला, आणि मग त्याने जीभ चावली. तोवर बाईंनी मोबाइलवर पान उघडलं होतं.

"तुम्ही पाडोव्हाला असता?"

"नाही मॅडम, इथंच. जन्मापासून इथंच! ते आपलं… नुसतं शेपूट आहे…" कोपरापर्यंत गोंद माखलेले हात त्याने पुढे केले, जणू तोच पुरावा होता.

"साहेब, मी विदेशी माल घेत नाही," बाई थंडपणे म्हणाल्या.

"आमचा ओक्वुदिरी जरा गमत्या आहे," ओन्येमा घाईने म्हणाला. "बसा मॅडम, थंड काही घ्या."

संध्याकाळी ओन्येमा कातड्याची गुंडाळी खांद्यावर टाकून ओक्वुदिरीच्या दारात उभा राहिला. "ऑर्डर मिळाली. पण माझे टाके बाईंना पसंत पडायचे नाहीत. तूच शिव. मजुरीत काटछाट करणार नाही."

"तिला खरं का नाही सांगितलंस?"

"सांगून बघितलं रे, तू परत गेल्यावर. म्हणाली, इटलीवाल्याची शिफारस करू नका. आता तिला तू अबाचा वाटतच नाहीस, त्याला मी काय करू?"

ओक्वुदिरीला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. पण समोर मऊ, उत्तम कातडं होतं आणि घरात खाणारी तोंडं होती. त्याने गुंडाळी आत घेतली आणि अख्खी ऑर्डर जीव ओतून शिवली. आयुष्यात इतके चांगले बूट त्याने कधी शिवले नव्हते.

शेवटी ओन्येमाने पाठवलेला नवा ठसा त्याने तापवला आणि एकेका तळव्यावर दाबत गेला: 'ओन्येमा, अबा.' इतक्या वर्षांनी त्याच्या बुटावर गाव खरं आलं होतं. माणूस तेवढा चुकीचा होता.