खारपाणातली मिठाची राखणदार

मी गयासुद्दीनभाईंच्या डाव्या मूत्रपिंडातली एक पेशी बोलतेय. हसू नका. वऱ्हाडात मंत्री बोलतात, समित्या बोलतात, मग मीच काय घोडं मारलंय?

गयासुद्दीनभाई अकोटजवळच्या एका गावात गाद्या भरतात. गाव खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे विहिरीचं पाणी इतकं खारट की त्यात डाळ शिजत नाही. अशा गावात माझी नेमणूक कशावर, तर मीठ वाचवण्यावर! लघवीत निघालेलं मीठ धरायचं आणि रक्तात परत धाडायचं. नेमणूक करणाऱ्याच्या अकलेला माझा सलाम.

हुकूम येतो अल्डोस्टेरॉनसाहेबांचा. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते. साहेब तिथे तयार होतात आणि रक्तातून फिरत आमच्याकडे येतात. दार न वाजवता आत शिरतात, थेट माझ्या केंद्रकापर्यंत जातात. मग बराच वेळ काहीच घडत नाही. कोणाला सरकारी कचेरी आठवली तर माझा नाइलाज आहे. तासाभराने मिठाची जुनी दारं मोडीत काढणं थांबतं, आणि दिवस कलेपर्यंत नवी दारं, नवे पंप उभे राहतात. मीठ आत, त्याच्यामागे पाणी आत, आणि त्या बदल्यात पोटॅशियम बाहेर. शरीरात मीठ भरपूर झालं की साहेबांनी गप्प बसायचं, असा रिवाज.

आमचे साहेब २००६च्या सुमारास गप्प बसेनात. खारं पाणी ढोसून रक्तात मीठ मावत नव्हतं, तरी हुकूम चालूच. काहून, ते आम्हाला कळवण्याची पद्धत नाही.

रक्तदाब चढला. गावातल्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली. तिने उरलंसुरलं पोटॅशियमही वाहून नेलं. निदान करायला मात्र डॉक्टरांची गरजच नव्हती, सगळं गाव तयार होतं. शेजारचे शेषराव ओट्यावर बसून म्हणाले, "गयासभाई, पान्यानंच घात केला तुमचा. आपल्या इकडं दुसरं होतेच काय?"

गुडघा दुखला तर पाणी, केस पांढरे झाले तर पाणी, सोयरीक मोडली तरी पाणीच. या गावाची तीच रीत.

मग भाईंची बायको नसीमबानो अकोटहून एसटीने गोड्या पाण्याच्या कॅन आणू लागली. कंडक्टर त्यांचंही तिकीट मागायचा. घरात सगळ्यांचंच जेवण अळणी झालं. 'माझ्याच हातानं मीठ जास्त पडलं,' हे तिने मनाशी धरून ठेवलं होतं. त्यामुळे भाईंनी ताट सरकवलं तरी ती मीठ काढून देत नसे. मला तिची फार दया यायची. ती चुलीपाशी एकेक चिमूट वाचवायची आणि मी इथे तीच चिमूट रक्तात परत भरायची.

अशी काही वर्षं गेली आणि एका सकाळी भाईंना पलंगावरून उठताच येईना. कापूस पिंजायची धुनकी उचलणारे हात उशीवर नुसते पडून राहिले. शेषरावांनीच जीप बोलावली आणि त्यांना अकोल्याला नेलं.

तिथे डॉक्टर हेमचंद्रांनी रक्त तपासलं. "पोटॅशियम पार तळाला गेलंय. अजून उशीर झाला असता तर हृदय बंद पडलं असतं."

"मीठ त मी टाकूनच नाही राहिली, डॉक्टरसाब," नसीमबानो रडत म्हणाली. "गोड पानी पाजलं, सारं घर अळणी खाऊन राहिलं. मंग माझं चुकलं कुठं?"

"तुमचं काहीच चुकलं नाही, बाई. किडनीवरच्या ग्रंथीत वाटाण्याएवढी गाठ आहे. हे सगळं तिचं काम."

डोळ्यांना पदर लावून ती तिथेच बाकावर बसली. इतक्या दिवसांत तिला 'तुझं चुकलं नाही' असं म्हणणारा हा पहिलाच माणूस.

ऑपरेशन झालं. साहेब ताळ्यावर आले. भाई उठले, चालले, पुन्हा धुनकी धरली. शेषराव भेटायला आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "ऑपरेशन ठीक हाये, पण पानी बदललं म्हनून वाचले."

राहता राहिले आम्ही. वर्षानुवर्षं हुकूम पाळून आम्ही सुजलो. आजूबाजूला राठ धागे वाढले, कित्येक शेजारणी मेल्या. इतके दिवस चढलेल्या दाबाच्या जोरावर आमचं कामकाज झकास दिसत होतं. दाब उतरला तशी खरी पडझड तपासणीत दिसली. त्या वर्षांत वऱ्हाडात कोणत्या शेतकऱ्याने कशापायी जीव दिला ते पाहायला समित्यांच्या गाड्या यायच्या. आमच्या गल्लीत कोण फिरकणार?

वाचकहो, तुमच्या गावाचंही एखादं आवडतं कारण असेलच. त्याला खुशाल शिव्या द्या, पण त्याआधी तेवढं रक्त तपासून घ्या.

आणि नसीमबानो, तुम्हाला माझं ऐकू येत नाही, तरी सांगते. मीठ बेतानंच टाका, पण आता घाबरून टाकू नका. इथे आमच्यात जे मेलं ते तुमच्या हातानं मेलेलं नाही.